पाणी जाते कुठे?

गेल्या श्रावणातली गोष्ट. पुण्याच्या मार्केट यार्डात, फळबाजाराबाहेर, मालट्रकांच्या रांगेमागे आमची जुनी मोटार अर्धा-पाऊण तास अडकून पडली होती. बाहेर पावसाची भुरभुर, म्हणून काचा बंद आणि एसी चालू. शेजारी बसलेल्या आईने एकदम पाय वर घेतले आणि म्हणाली, "अरे, खाली सगळं ओलं झालंय!" पायाखालची मॅट खरोखरच भिजली होती. दारांच्या फटींतून पाऊस झिरपत असणार, असे समजून महिनाभरापूर्वीच मी चारही दारांचे रबर बदलून घेतले होते. ते पैसे अक्षरशः पाण्यात गेले होते.

जवळच्याच एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले नाही. वाकून गाडीखाली पाहिले आणि मला विचारले, "साहेब, इतका वेळ एसी चालू होता ना? मग खाली जमीन कोरडी कशी? पाणी जातं कुठं?"

विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला हा प्रश्न सुचायला हवा होता. सुचला नाही, कारण मी 'पाणी येते कुठून' याच्याच मागे लागलो होतो. मिस्त्रींनी गाडीखाली हात घालून एक रबरी नळी चाचपली आणि तिच्या तोंडातला बोळा ओढून काढला. चिखल, पोत्यांचे तंतू आणि बहुधा कांद्याच्या सालींचा चुरा. पाठोपाठ पाण्याची धार लागली. दुरुस्ती संपली.

या धारेमागे सुमारे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

आपण म्हणतो, 'दव पडते'. जणू काही ते पावसासारखे आकाशातून खाली येते. पूर्वी अनेक विद्वानांनाही तसेच वाटे. फ्रान्समधील माँपेलिए येथील शार्ल ल् र्‍वा या वैद्याने १७५१च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. काचेच्या पेल्यातले पाणी बर्फाने हळूहळू गार करत न्यायचे आणि पेल्याच्या बाहेरच्या अंगावर पाणी जमू लागले की तापमान पाहायचे. हवा दमट असेल तर पेला थोडा गार होताच घाम येतो; कोरडी असेल तर बराच गार करावा लागतो. या तापमानालाच आज आपण दवबिंदू म्हणतो. मीठ जसे पाण्यात विरघळते तसे पाणी हवेत विरघळते, असे ल् र्‍वाचे मत होते. ते पुढे टिकले नाही. पण त्याची मोजण्याची रीत टिकली. १८१४ साली लंडनमधील डॉक्टर विल्यम वेल्स यांनी दवावर निबंध प्रसिद्ध केला. रात्री उघड्यावर लोकरीचे पुंजके ठेवून, त्यांचे वजन करून त्यांनी दाखवले की आधी वस्तू गार होते आणि मग तिच्यावर दव जमते. म्हणजे दव पडत नाही, ते धरते.

आता १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात जाऊ. तिथे रंगीत छपाई होत असे. एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळ्या वेळी छापला जाई. उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगे आणि दुसरा रंग पहिल्याच्या जागेवर नेमका बसत नसे. हा प्रश्न विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याकडे आला. त्याने हवा थंड नळ्यांवरून नेण्याची योजना आखली. नळ्यांचे तापमान दवबिंदूच्या खाली ठेवले की हवेतले जास्तीचे पाणी नळ्यांवर धरते आणि हवा हवी तेवढी कोरडी होऊन पुढे जाते. ल् र्‍वाचा पेला आता कारखान्यात कामाला लागला होता. आधुनिक वातानुकूलनाची ही सुरुवात मानली जाते. लक्षात घ्या, इथे मुख्य हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हता. हवेतून पाणी काढणे हा होता.

तेव्हा एसीखाली ठिबकणारे पाणी हा काही दोष नाही. ते यंत्राचे मूळ काम आहे. किती पाणी? पावसाळ्यात पुण्याची हवा २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. हीच हवा १० अंशांपर्यंत गार केली तर तिच्यात ९-१० ग्रॅमच मावते. उरलेले दहाएक ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते. पंखा तासाला १५० घनमीटर बाहेरची हवा ओढतो असे धरले, तर तासाला दीड लिटर पाणी झाले! आईचे पाय भिजले यात नवल नाही.

पण ते पायांशीच का आले? याचे उत्तर मोटारींच्या इतिहासात आहे. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार लोकांपुढे आणली. तिच्यातला गार होणारा भाग मागे, सामानाच्या डिकीत होता आणि यंत्र बंद करायचे तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली. जागा वाचली, खर्च कमी झाला आणि हीच रचना पुढे रूढ झाली. तेव्हापासून थंड नळ्यांची पेटी डॅशबोर्डखाली आहे. तिच्या तळाशी पन्हाळीसारखे तबक आणि तबकातून गाडीखाली जाणारी बोटभर जाडीची नळी. नळी तुंबली की तबक भरते आणि पाणी आत सांडते. मॅट कुबट वास मारू लागते, बुरशी धरते, खालचा पत्रा गंजतो.

नळी मोकळी करणे अवघड नाही. इंजिन बंद करून गाडी सपाट जागी लावावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. नळीचे तोंड सापडले की बोळा हाताने काढावा किंवा मऊ, बोथट तार थोडीच आत सारावी. टोकदार तारेने नळी किंवा पेटी फुटू शकते. जोरदार हवा मारली तर नळी आतल्या आत निसटते. भिजलेले पाणी रंगीत किंवा चिकट असेल, गोडसर वास येत असेल, तर ते दवाचे पाणी नव्हे, इंजिन थंड ठेवणारे द्रव आहे. तो आजार वेगळा.

मिस्त्रींच्या कसोटीला मात्र एक पुरवणी जोडायला हवी. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुण्यात अनेक वर्षे हवेची जी मापे घेतली गेली ती पाहिली, तर हे शहर चार महिने दमट आणि उन्हाळ्यात दुपारी अगदी कोरडे असते हे दिसते. एप्रिलमध्ये ३८ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर घनमीटरमध्ये जेमतेम ७ ग्रॅम बाष्प असते. १० अंशांच्या नळ्यांवर त्यातले काहीच धरणार नाही. म्हणून श्रावणात कोरडी जमीन हे तुंबल्याचे लक्षण. चैत्रात त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हा प्रश्न आता मोटारवाल्यांपुरता राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बसवणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये रात्रंदिवस बसणाऱ्या चालकांना हा गारवा केव्हाच मिळायला हवा होता. पण असे ट्रक धूळ, भुसा आणि पोत्यांच्या तंतूंतच उभे राहणार. चालकाला नळीची माहिती नसेल, तर केबिन ओली होईल, तो नको ती दुरुस्ती करील, नाहीतर एसीच बंद ठेवील.

म्हणून वर्गात एक स्टीलचा पेला, थोडा बर्फ आणि तापमापक न्या. पेल्याला घाम फुटताच तापमान फळ्यावर लिहा. जुलैत लिहा आणि एप्रिलमध्ये पुन्हा लिहा. मग मुलांना मिस्त्रींचा प्रश्न विचारा. त्यांच्यातलाच कोणीतरी उद्या मार्केट यार्डात ट्रक घेऊन येणार आहे.