लस दोन ते आठ अंशांत, फॅरनहाइटमध्ये किती?

खालापूर - कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्यांतील बालकांना दिल्या जाणाऱ्या लसी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील शीतपेट्यांत साठविल्या जातात. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाच्या नियमानुसार तेथील तापमान किमान २ व कमाल ८ अंश सेल्सिअस असावे लागते. त्याची नोंद दिवसातून दोनदा केली जाते. तापमापी फॅरनहाइट अंश दाखवीत असेल, तर ही मर्यादा कशी ओळखावी, याचे उत्तर बीजगणितातील संयुक्त असमानतेत मिळते.

दोन्ही टोके महत्त्वाची
उष्णतेने पोलिओ व गोवराच्या लसींची परिणामकारकता घटते. याउलट हिपॅटायटिस बी व पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्यास निकामी होतात. त्या वितळवूनही उपयोग होत नाही. म्हणून 'आठपेक्षा कमी' एवढी एकच अट पुरेशी नाही. दोन्ही अटी एकत्र लिहिल्या, की संयुक्त असमानता तयार होते :
२ ≤ से ≤ ८

रूपांतराची रीत
फॅ = (९/५ × से) + ३२ हे सूत्र आहे. जी क्रिया मधल्या पदावर करावयाची, तीच दोन्ही टोकांवर करावी. प्रथम ९/५ ने गुणावे :
३.६ ≤ ९/५ से ≤ १४.४
नंतर ३२ मिळवावेत :
३५.६ ≤ फॅ ≤ ४६.४
गुणक धन असल्याने चिन्हांची दिशा बदलत नाही.

पूर्णांक घेताना
येथे चूक होण्याचा संभव असतो. दशांश सोडून देऊन खालची मर्यादा ३५ धरली, तर ती सुमारे १.७ अंश सेल्सिअस होते, म्हणजेच सुरक्षित पट्ट्याबाहेर जाते. वरची मर्यादा ४७ धरली, तर ती सुमारे ८.३ होते. त्यामुळे खालचे टोक वरच्या पूर्णांकाकडे आणि वरचे टोक खालच्या पूर्णांकाकडे न्यावे :
३६ ≤ फॅ ≤ ४६
पडताळ्यासाठी ३२ वजा करून ५/९ ने गुणल्यास सुमारे २.२ ते ७.८ अंश सेल्सिअस मिळतात. दोन्ही टोके मर्यादेच्या आत राहतात. अमेरिकेतील लस साठवणुकीच्या मार्गदर्शक सूचनांतही ३६ ते ४६ हाच पट्टा दिलेला आहे.

शून्याखाली
वरच्या स्तरावरील भांडारांत पोलिओची तोंडी लस उणे २५ ते उणे १५ अंश सेल्सिअसला ठेवतात. उणे २५ ही लहान संख्या असल्याने ती डावीकडे येते :
-२५ ≤ से ≤ -१५
वरील रीतीने -१३ ≤ फॅ ≤ ५ हे उत्तर मिळते. म्हणजे फॅरनहाइट तापमापीवर ५ हा धन आकडा दिसला, तरी ती लस शून्याखाली उणे १५ अंश सेल्सिअसलाच असते.