१८ गाड्यांचा ढीग आणि एक ‘किरकोळ’ धडक

अपघातग्रस्त रुग्णाला घेऊन येणारे नातेवाईक बहुतेक वेळा आधी गाडीबद्दल सांगतात. “डॉक्टर, गाडीचा पार चेंदामेंदा झाला” किंवा “गाडीला फक्त पोचा आलाय, ह्यांना काही विशेष लागलेलं नसणार.” गाडीच्या अवस्थेवरून माणसाची अवस्था ठरवण्याची आपल्याला सवय असते. ही सवय किती फसवी आहे, हे एकाच दिवशी, एकाच मैदानावर, लाखो लोकांनी टीव्हीवर पाहिले. आज त्या शर्यतीची गोष्ट सांगतो.

१८ फेब्रुवारी २००१, रविवार. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेटोना येथे ‘डेटोना ५००’ ही शर्यत होती. ही स्टॉक कारची शर्यत असते. म्हणजे फॉर्म्युला वनसारखी उघडी, चपटी गाडी नाही. बाहेरून बाजारातल्या साध्या मोटारीसारखी दिसणारी, पण आत पोलादी नळ्यांचा पिंजरा असलेली गाडी. अडीच मैलांचा ट्रॅक, वळणांवर ३१ अंशांचा उतार, २०० फेऱ्या, एकूण ५०० मैल. ४३ गाड्या. वेग फार वाढू नये म्हणून इंजिनात जाणारी हवा मुद्दाम कमी केलेली असते. त्यामुळे सगळ्यांचा वेग जवळपास सारखाच राहतो आणि गाड्या घोळक्याने, एकमेकींना जवळजवळ चिकटून, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पळतात. एकाचा तोल गेला की मागच्यांना ब्रेक दाबायला वेळच मिळत नाही. असा सामूहिक अपघात इतक्या नेहमीचा आहे की तिथल्या प्रेक्षकांनी त्याला ‘द बिग वन’ असे नावच देऊन टाकले आहे!

त्या दिवशी तो १७३व्या फेरीत झाला. मागून धक्का लागून टोनी स्टुअर्टची गाडी आडवी झाली, हवेत उचलली गेली, उलटली आणि त्याच्याच संघातल्या बॉबी लाबाँटीच्या गाडीवर आदळली. बघता बघता १८ गाड्या एकमेकींवर धडकल्या. धूर, पत्र्यांचे तुकडे, सुटलेली चाके. रस्ता साफ करायला शर्यत थांबवावी लागली. ते चित्रण आजही पाहिले तर वाटते, यातून चार-पाच जण तरी गेले असणार.

कोणीही गेले नाही. स्टुअर्टला रुग्णालयात नेले, त्याचा खांदा दुखावला होता आणि डोक्याला मार होता. जिवावरचा धोका नव्हता.

शर्यत पुन्हा सुरू झाली. शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर, तिसऱ्या क्रमांकावर होता डेल अर्नहार्ट. वय ४९, सात वेळचा विजेता, ३ नंबरची काळी गाडी. आपल्याकडे क्रिकेटमध्ये जी दोन-तीन नावे घेतली की कोणालाही वेगळे काही सांगावे लागत नाही, तसे तिकडे हे नाव. त्याच्या पुढे पहिल्या क्रमांकावर मायकल वॉल्ट्रिप आणि दुसऱ्यावर स्वतःचा मुलगा डेल ज्युनियर. दोघांच्याही गाड्या अर्नहार्टच्याच कंपनीच्या. मागून येणाऱ्या स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा हलका स्पर्श झाला. अर्नहार्टची गाडी आधी डावीकडे खाली गेली, मग एकदम उजवीकडे वर वळली. वाटेत केन श्रेडरच्या गाडीची धडक बसली आणि दोन्ही गाड्या बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीवर जाऊन आदळल्या. गाडी उलटली नाही. आग लागली नाही. भिंतीवरून घरंगळत ती खाली गवतावर येऊन थांबली.

इकडे वॉल्ट्रिप जिंकला. ४६२ शर्यती न जिंकता घालवल्यानंतरचा त्याचा हा पहिला विजय. त्याचा थोरला भाऊ डॅरेल टीव्हीवर समालोचन करत होता. भावाच्या आनंदाने त्याचा गळा दाटला आणि त्याच वाक्यात तो विचारत राहिला की डेल ठीक आहे ना. श्रेडर स्वतःच्या गाडीतून उतरून अर्नहार्टच्या खिडकीपाशी गेला, आत एकदा डोकावला आणि जोरजोराने हात हलवून मदतीला बोलावू लागला. संध्याकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी हॅलिफॅक्स मेडिकल सेंटरमध्ये अर्नहार्टला मृत घोषित करण्यात आले.

आता डॉक्टर म्हणून विचार करू. १८ गाड्यांच्या ढिगातून माणसे वाचली आणि ही ‘किरकोळ’ धडक जीव घेऊन गेली, असे का?

शरीराला वेगाने इजा होत नाही. विमानात आपण ताशी आठशे किलोमीटरने जातो आणि चहा पितो. इजा होते ती वेग किती कमी वेळात बदलतो त्याने. उलटत, घासत, इतर गाड्यांना धडका देत जाणारी गाडी आपला वेग काही सेकंदांत हप्त्याहप्त्याने गमावते. प्रत्येक तुटणारा पत्रा थोडी थोडी ऊर्जा गिळतो. दिसायला भयंकर, पण आतल्या माणसाला प्रत्येक हप्ता सोसण्याजोगा. काँक्रीटची भिंत मात्र काहीच गिळत नाही. अर्नहार्टची गाडी ताशी सुमारे १६० मैलांनी, म्हणजे अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने, भिंतीला तिरकी लागली. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा की या धडकेने गाडीच्या वेगात ताशी सुमारे ४३ मैलांचा बदल झाला आणि तो साधारण ८० मिलीसेकंदांत झाला. डोळ्याची एक उघडझाप व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो. गणित केले तर हा बदल सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या २४-२५ पट भरतो, क्षणभराचा कमाल आकडा त्याहून मोठा.

एवढा जोर माणूस सोसू शकतो का? सोसू शकतो. अमेरिकन हवाई दलातील एक डॉक्टर, जॉन स्टॅप, यांनी डिसेंबर १९५४ मध्ये रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतले, ताशी ६३२ मैलांचा वेग घेतला आणि सव्वा ते दीड सेकंदात गाडी थांबवली. त्यांना ४६ पटींहून अधिक जोर सोसावा लागला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेना, पण ते बरे झाले आणि पुढे वयाच्या ८९व्या वर्षापर्यंत जगले. (आमच्या धंद्यात असे वेडे लोक असतात.) अट एकच, शरीर नीट आवळून बांधलेले हवे.

अर्नहार्टच्या बाबतीत नेमके इथेच घोडे अडले. शर्यतीतल्या चालकाची छाती आणि कंबर पट्ट्यांनी घट्ट जखडलेली असते. डोके मात्र मोकळे. डोके आणि हेल्मेट मिळून साधारण साडेसहा किलो वजन. वर सांगितलेल्या सरासरी जोराने ते क्षणभर दीडशे किलोंहून अधिक होते आणि तेवढे ओझे एकट्या मानेला पुढे ओढते. कवटीच्या तळाशी एक मोठे भोक असते, त्यातून मेंदूचा देठ खाली मणक्याच्या नळीत उतरतो. श्वास आणि रक्तदाब सांभाळणारी केंद्रे या देठातच आहेत, शेजारून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. मान स्थिर आणि डोके पुढे, अशी ओढाताण झाली की या भोकाभोवतीचे हाड तडकते. याला कवटीच्या तळाचा अस्थिभंग, बेसिलर स्कल फ्रॅक्चर म्हणतात. हेल्मेटचा इथे उपयोग नसतो, कारण डोके कशावर आपटलेच पाहिजे असे नाही. चेहऱ्यावर ओरखडा नसतानाही माणूस जागच्या जागी जाऊ शकतो.

सर्वांत वाईट वाटते ते पुढे. हा प्रकार नवा नव्हता. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर १९ वर्षांचा अ‍ॅडम पेटी गेला. जुलैत त्याच ट्रॅकवर केनी अर्विन गेला. दोघांनाही हीच दुखापत. ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्या ट्रॅकवर टोनी रोपरही भिंतीच्या धडकेनंतर दगावला. आणि उपाय तर वीस वर्षांपूर्वीच शोधायला घेतला होता. १९८१ मध्ये पॅट्रिक जॅकमार नावाचा चालक ओहायोत चाचणीदरम्यान याच दुखापतीने गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग हाही चालक. डाउनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्स शिकवत होता. दोघांनी मिळून ‘हॅन्स’ नावाचे साधन बनवले. बैलाच्या मानेवरच्या जोखडासारखी कडक कॉलर खांद्यावर बसते, वरून सीटबेल्ट जातात आणि कॉलरपासून दोन छोटे पट्टे हेल्मेटला जोडलेले असतात. धडकेत छाती थांबली की डोकेही तिच्याबरोबर थांबते. एवढे साधे.

पण ते अवघडल्यासारखे वाटते, मान वळत नाही, पेटत्या गाडीतून पटकन बाहेर पडता येणार नाही, अशा तक्रारी होत्या. त्या दिवशी ४३ जणांत ते वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. अर्नहार्ट वापरत नव्हता. तो तर पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेटही घालत नसे. मला यात त्याच्या हट्टापेक्षा ओळखीची गोष्ट दिसते. पंचवीस वर्षे काही झाले नाही, मग आताच काय होणार? बीपीची गोळी बंद करणारा माझा रुग्ण हेच म्हणतो.

नंतर अशा प्रसंगी होते तेच झाले, दोषी माणूस शोधणे. मार्लिनला चाहत्यांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. शेवटी डेल ज्युनियरने जाहीरपणे सांगितले की त्याचा दोष नाही. कमरेचा डावा पट्टा तुटलेला आढळल्यावर रोख पट्टा बनवणाऱ्यांकडे वळला. शवविच्छेदनाची छायाचित्रे पाहण्यावरून वृत्तपत्र आणि कुटुंबीय यांच्यात वाद झाला आणि फ्लोरिडाने अशी छायाचित्रे खुली करण्यावर बंदी घालणारा कायदाच केला. तडजोड म्हणून ड्यूक विद्यापीठाच्या डॉ. बॅरी मायर्स यांनी ती पाहिली. त्यांच्या मते डोके झटक्याने पुढे फेकले गेल्याने मृत्यू झाला, पट्टा शाबूत असता तरी बहुधा तेच झाले असते. ऑगस्टमध्ये नॅसकार या शर्यतींच्या संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी श्रेडरच्या गाडीची धडक, तुटलेला पट्टा आणि डोक्याच्या मागे बसलेला मार या तिन्हींचा मिळून परिणाम मानला. तज्ज्ञांचा असा मतभेद वैद्यकशास्त्रात नेहमीचा आहे, त्यातून कोणी काही लपवतो आहे असे समजू नये.

ऑक्टोबर २००१ मध्ये आणखी एक तरुण चालक, ब्लेझ अलेक्झांडर, शार्लटच्या ट्रॅकवर याच दुखापतीने गेला. त्यानंतर काही दिवसांतच नॅसकारने डोके-मान बांधणारे साधन सक्तीचे केले. २००२ मध्ये इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर भिंतीपुढे पोलादी नळ्या आणि फोमचे ठोकळे बसवलेली मऊ भिंत आली, नेब्रास्का विद्यापीठात तयार झालेली. भिंत थोडी आत दबते आणि थांबायला काही मिलीसेकंद जास्त मिळतात. डेल अर्नहार्टनंतर नॅसकारच्या प्रमुख मालिकेच्या शर्यतीत एकही चालक मरण पावलेला नाही. गाड्यांचे ढीग मात्र अजूनही लागतात.

तुमच्या-माझ्या गाडीत हॅन्स लागत नाही. आपला तीन टोकांचा पट्टा धड थोडे पुढे झुकू देतो आणि एअरबॅग डोक्याला झेलते. पण पट्टा नसेल तर मागच्या सीटवरचा माणूस मोठ्या गाडीतही सुरक्षित नसतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. पोलिसांच्या माहितीनुसार मागे बसलेल्या या दोघांनी पट्टा लावला नव्हता, पुढचे दोघे वाचले. सीटवरची डोक्याची उशीही डोक्याच्या पातळीला आणा, बहुतेकांची ती मानेखाली असते.

कवटीच्या तळाचा अस्थिभंग दर वेळी जीव घेतोच असे नाही. आपल्याकडे दुचाकीवरून पडलेल्या रुग्णांत तो आम्हाला दिसतो. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा वा लालसर स्राव, दोन्ही डोळ्यांभोवती काळे वर्तुळ, कानामागे निळसर डाग ही त्याची चिन्हे. यातली काही दुसऱ्या दिवशीही उमटतात. अशा वेळी नाकात-कानात बोळा कोंबू नका, थेंब घालू नका, नाक शिंकरू देऊ नका, मान हलवू नका आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

आणि हाड न मोडताही मेंदूला मार बसतो. त्याची गोष्ट त्या दिवशी दुसऱ्या आलेल्या मुलाची. ऑक्टोबर २०१२ मध्ये अलाबामातील टॅलाडेगा येथे शेवटच्या फेरीत २५ गाड्यांचा ढीग लागला. उलटलेली गाडी पुन्हा टोनी स्टुअर्टचीच! तोही सुखरूप बाहेर आला. डेल ज्युनियरची गाडी मात्र नुसती गोल फिरली होती. त्याला बरे वाटत नव्हते. ऑगस्टमध्येही एका चाचणीत त्याचे डोके हादरले होते, तेव्हा तो गप्प राहिला. या वेळी तो आपणहून न्यूरोसर्जनकडे गेला. निदान झाले कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. त्याला दोन शर्यती सोडाव्या लागल्या. २०१४ पासून नॅसकारने हंगामाआधी प्रत्येक चालकाची मेंदूच्या कामाची चाचणी सक्तीची केली, म्हणजे मार लागल्यावर तुलना करता यावी. २०१६ मध्ये ज्युनियरचा तोल जाऊ लागला, नजर स्थिर राहीना, आणि त्याने अर्धा हंगाम घरी बसून उपचार घेतले. पुढच्या वर्षाअखेरीस तो निवृत्त झाला. नंतर त्याने पुस्तकात सांगितले की त्याआधीची काही वर्षे, प्रत्येक धडकेनंतर आपल्याला काय होते, हे तो कोणाला न सांगता फोनमध्ये लिहून ठेवत होता.