वलगणीचा मासा आणि कायद्याची रेघ

शाळेतली अन्नसाखळी आठवते का मंडळी? गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. पाच चित्रं आणि मधे बाण. दोन मार्कांना यायची, म्हणून सगळ्यांनी पाठ केली आणि परीक्षा संपल्यावर विसरलो. कोणी असं विचारलं नाही की घार मेल्यावर काय होतं, किंवा त्या साखळीत माणूस कुठे बसतो.

आजचा विषय हाच आहे, फक्त जागा ठरलेली आहे. डहाणू तालुक्यातलं कैनाड आणि त्याच्या आजूबाजूचा, तलासरीपर्यंतचा पट्टा. पश्चिमेला चिकूच्या वाड्या आणि समुद्र, पूर्वेला डोंगर, मधे वारली पाडे, भातखाचरं आणि पावसाळ्यात जिवंत होणारे ओहोळ. इथलं पाणी पश्चिमेला उतरतं आणि खाड्यांमधून अरबी समुद्राला मिळतं. नकाशावर हे अंतर इतकं कमी आहे की मुंबईतला माणूस रोज ऑफिसला त्याहून जास्त प्रवास करतो.

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की ओहोळ गढूळ होतात, शेतं भरतात, आणि मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. हीच वलगण. कोकणात दक्षिणेकडे 'चढणीचे मासे' म्हणतात. मळ्या, खवली, शिवडा, मरळ असे मासे डोहातून निघून वीतभर पाण्याच्या खाचरात येतात, कारण अंडी घालायला तीच जागा चांगली. मोठे शिकारी मासे तिथे फारसे पोचत नाहीत, पाणी उबदार असतं, आणि शेणाने-पाल्याने तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची नुसती गर्दी होते. पिल्लांचं पहिलं जेवण तेच. मग बगळा, ढोकरी, धामण, बेडूक, पाणसाप सगळे त्या खाचरावर येतात. आणि माणूसही येतो, रात्री बत्ती आणि जाळं घेऊन. भादव्यानंतर पाणी उतरतं, तशी उरलेली पिल्लं ओहोळाने खाली जातात.

आता इतिहासाकडे. फ्रान्सिस डे हा मद्रास सरकारच्या नोकरीतला डॉक्टर होता आणि माशांचा वेडा होता. त्याने १८७३ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर एक मोठा अहवाल सरकारला दिला. त्याचं म्हणणं साधारण असं: गाभोळी भरलेले मासे आणि बारकी पिल्लं भातशेतात, पाटात सापळे लावून बेसुमार पकडली जातात, म्हणून मासा कमी होतोय. यात तथ्य नव्हतं असं नाही. वलगणीत पकडलेल्या मादीच्या पोटात अंडी असतात हे खाणाऱ्यालाही ठाऊक असतं, किंबहुना तो मासा चवदार लागतो तो त्याचमुळे.

पण गंमत पुढे आहे. त्याच डेने दक्षिणेतल्या नद्यांवर ब्रिटिशांनीच बांधलेल्या बंधाऱ्यांबद्दलही लिहिलं, की समुद्रातून वर चढणारा हिलसा मासा (आपला पाला) तिथे अडतो. म्हणजे अहवालात आरोपी दोन होते, सापळा लावणारा गावकरी आणि बंधारा बांधणारं सरकार. १८९७ मध्ये भारतीय मत्स्य कायदा आला. त्यात काय आलं? पाण्यात स्फोटकं वापरायला बंदी, विष टाकायला बंदी, आणि जाळी-सापळ्यांवर नियम करायचे अधिकार. सरकारच्या बंधाऱ्यांवर मात्र थेट बंदी आली नाही. झाडांची फळं किंवा साल ठेचून डोहातले मासे गुंगवायची आदिवासींची जुनी पद्धत एका फटक्यात गुन्हा झाली. एक डोह आणि एक नदी यांत फरक असतो हे ज्याने मसुदा लिहिला त्याला सुचलं नसावं. असो.

'अन्नसाखळी' ही कल्पना नीट मांडली गेली ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९२७ मध्ये, चार्ल्स एल्टन या इंग्रज तरुणाच्या पुस्तकात. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता (आपण त्या वयात काय करत होतो हा प्रश्न कृपया विचारू नये). अनेक साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, हेही त्यानेच सांगितलं. आमच्या भाषेत बोलायचं तर ती लिंक्ड लिस्ट नव्हतीच, ग्राफ होता. आणि १९७० च्या आसपास फ्लोरिडात हील्ड आणि ओडम यांनी दाखवलं की खाडीतल्या खारफुटीची पानं थेट कोणी फारशी खात नाही. ती गळतात, चिखलात कुजतात, त्या कुजक्या तुकड्यांवर बॅक्टेरिया आणि बुरशी वाढते, ते खेकडे-कोळंबी खातात आणि त्यांना मासे. नंतरच्या संशोधनाने त्यात शेवाळाचा वाटाही मोठा आहे असं दाखवलं, पण मुद्दा राहिला: खाडीचा चिखल म्हणजे पडीक जागा नाही, स्वयंपाकघर आहे. निवट्या पकडणाऱ्या बाईला हे सांगायला फ्लोरिडाला जावं लागलं नसतं.

खाडी आणि ओहोळ एकमेकांना कसे बांधलेले आहेत ते बघा. खाडीतली चिंबोरी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. कोळंबीच्या बऱ्याच जाती समुद्रात जन्मतात आणि लहानपण खाडीत काढतात. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी उलटी, ती अंडी घेऊन खाली निमखाऱ्या पाण्यात उतरते आणि पिल्लं वर चढतात. कोकणातल्या नद्यांतला अहिर तर वर्षानुवर्षं नदीत राहून शेवटी समुद्रात जातो. फक्त शेतातला मुठा घरकोंबडा. त्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच वाढतात आणि तयार खेकडा होऊनच बाहेर पडतात.

हे सगळं कोणासाठी महत्त्वाचं? आषाढ-श्रावण हे या भागातले पोटाला चिमटा घेणारे महिने. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावातून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, गोदावरी परुळेकरांनी त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं, तेव्हाही पावसाळ्यातली उपासमार होतीच. १९९२-९३ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालमृत्यू झाले तेव्हाही होती. अशा महिन्यांत फुकटात मिळणारं प्रथिन म्हणजे मुठे आणि वलगणीचे मासे. पुस्तकातल्या त्या पाच चित्रांत सहावं चित्र कुठे बसतं, ते इथे कळतं.

आता डहाणूची प्रसिद्ध गोष्ट. खाडीकाठी ५०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प येणार म्हणून स्थानिक लोक कोर्टात गेले. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकल्प थांबवला नाही, पण त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा धरून. ३१ ऑक्टोबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने अंमलबजावणीसाठी प्राधिकरण नेमायला सांगितलं आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं, आणि वीज प्रकल्पाला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. ती २००७ ला सुरू झाली. एका तालुक्याने एवढं मिळवलं हे माझ्या मते महाराष्ट्रात दुर्मीळ आहे.

धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत गेले. ३१ जुलै २०२३ ला त्याच नावाच्या प्राधिकरणाने वाढवण बंदराला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. खर्चाचा आकडा सुमारे ७६,२०० कोटी, आणि समुद्रात भराव घालून मिळवायची जमीन सुमारे १,४४८ हेक्टर. मच्छीमारांचा विरोध आधी होता आणि नंतरही राहिला. घोळ आणि पापलेट या किनाऱ्याचा जीव आहेत. बंदर हवं की नको यावर कॉमेंटमध्ये भांडू, माझं मत 'नको' आहे हे लपवत नाही.

पण वाद होतो तेव्हा समुद्राचा होतो, कैनाडच्या ओहोळाचा नाही. १९९१ च्या अधिसूचनेने उद्योगांना रेघ मारून दिली. शेतातली कीटकनाशकं, ओहोळावरचा छोटा सिमेंटचा बंधारा, रस्त्याखालची नळी हे उद्योग नव्हेत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आणि वलगणीच्या माशाला अडवायला धरण लागत नाही. नळीचं तोंड ओहोळाच्या तळापासून हातभर उंच राहिलं, की खवलीसारखा बारका मासा खालीच फिरत राहतो आणि पकडणारा तिथेच जाळं लावून बसतो. डेला १८७३ मध्ये दिसलेले दोन्ही आरोपी, सापळा आणि भिंत, त्या एका नळीपाशी एकत्र उभे असतात. नळी बसवतानाच एक हात खाली बसवली तर खर्च तेवढाच येतो.