गळाचं आमिष आणि राजाचा ग्रंथ

आमिष या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ मांस. मराठीत तो लालूच या अर्थाने रुळला. ‘गळाला लागणं’ हा वाक्प्रचार तर थेट पाण्याकाठून आलेला. माशाला गळाकडे बोलावणाऱ्या घरगुती वासांचा आणि तेलांचा इतिहास मात्र आपण फारसा वाचत नाही.

त्या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या शेजारचं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातलं. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. माशांच्या जाती, त्यांचं खाणं, गळ, दोरी, काठी असं सारं त्यात येतं. काही माशांना तीळ, हरभऱ्याचं पीठ, भात यांचे गोळे, तर काहींना मांस. विसाव्या शतकाच्या मध्यावर प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या भागाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. योगायोग असा, की याच ग्रंथाच्या संगीतविषयक भागात जुन्या मराठीतलं जे गीत जपलं गेलं, त्यात मत्स्यावताराचा उल्लेख आहे.

आता इंग्लंडला जाऊ. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ साली छापलं गेलं. त्यात एका दिवंगत गळकऱ्याची गोष्ट आहे. तो इतरांपेक्षा जास्त मासे धरायचा. गळाला लावण्याआधी गांडुळं एका डबीत ठेवायचा. डबीला आयव्ही वेलीच्या फळांच्या तेलाचे दोनतीन थेंब लावलेले असत, हे गुपित त्याच्या जिवलग मित्राकडून कळलं. वॉल्टन प्रामाणिकपणे सांगतो, की हे ऐकीव आहे, आपण करून पाहिलेलं नाही.

तेलाने खरंच मासा येतो का? माशाच्या नाकपुड्या घशाला जोडलेल्या नसतात. पाणी एका छिद्रातून आत शिरतं, दुसऱ्यातून बाहेर पडतं आणि वाटेत वास कळतो. म्हणजे जे पाण्यात विरघळतं, तेच त्याच्या नाकापर्यंत नीट पोहोचतं. निव्वळ तेल पाण्यावर तरंगतं. पेंड, पीठ किंवा मांस भिजलं की त्यातली अमिनो आम्लं पाण्यात पसरतात आणि मासा माग काढत येतो. मागूरसारख्या मिशीवाल्या माशांना तर मिशांवर आणि कातडीवरही चव कळते. म्हणून तेलाचे थेंब नुसते पाण्यात टाकण्यापेक्षा पिठाच्या गोळ्यात मळणं शहाणपणाचं.

पण मला वेगळाच प्रश्न छळतो. पेंडीचा गोळा किती घट्ट मळायचा, हे सोमेश्वराला कुणी सांगितलं असेल? राजवाड्यात बसून हे कळत नाही. ज्यांचे हात पाण्यात होते, त्यांचंच हे ज्ञान असणार. ग्रंथावर नाव राहिलं ते राजाचं. आपल्या कोकणातल्या दालदी मुसलमानांची मासेमार म्हणून नोंद १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये आहे. तीही इंग्रज सरकारने केलेली. आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिणं वेगळं, आपण आपलं लिहिणं वेगळं.

वॉल्टनच्या त्या गळकऱ्याचं गुपित मित्राने सांगितलं म्हणून वाचलं. किती गुपितं माणसांबरोबरच कबरीत किंवा चितेवर गेली असतील. वर्गात निबंध कोरा सोडणारा मुलगा कदाचित अब्बांकडून हेच शिकलेला असतो: कोणत्या पाण्यात कोणतं पीठ, कोणत्या ऋतूत कोणता वास. आपण त्याला ‘अभ्यासात कच्चा’ म्हणतो. पुढच्या वेळी त्याला निबंधाचा विषय त्याच्याच घरातला द्यावा. उर्दूत लिहो की मराठीत, त्याखाली नाव मात्र त्याचं असावं.