परदेश म्हणजे जुन्नर

हेल्मेट काढून ठेवा, ग्लोव्हजही. दहा जणांचा ग्रुप करून लडाख-भूतानला जाण्याची हौस तुम्हाला आहे हे माहीत आहे. पण आज उलटं करायचं आहे: तुम्ही परदेशातून जुन्नरला यायचं. साधारण 1900 वर्षं मागे, इजिप्तमधल्या तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरातून, यवन, म्हणजे ग्रीक-रोमन, व्यापारी म्हणून. नाव काय घ्यायचं ते घ्या. घाट चढेपर्यंत इथली माणसं ते आपल्या जिभेला सोसेल तसं वळवून घेणारच आहेत.

समुद्रावरचे दिवस झटपट उरकू, कारण त्यातले निम्मे तुम्ही ओकण्यात घालवलेत. मागून नैर्ऋत्येचा वारा, खाली राळेचा वास मारणारे दारूचे कुंभ, आणि प्यायला पिंपातलं शेवाळी पाणी, तेही मोजून. कित्येक आठवड्यांनी उल्हासच्या खाडीतला चिखल नाकाला लागतो तेव्हा तो अत्तरासारखा वाटतो. कल्याण आलं. मध्यंतरी इथे यवनांचं गलबत लागलं, तर पहारा बसवून थेट भडोचला पाठवत असत. तुम्ही बऱ्या वर्षी आलात.

बंदरावर मात्र अडकून पडाल. पाऊस सरल्याशिवाय घाट चढता येत नाही. दिवसभर घामाच्या धारा, संध्याकाळी डास, चोवीस तास सुक्या मासळीचा दरवळ. तुमच्यातला एक जण इथेच हिवतापानं फणफणतो. सकाळी उठून चहा विचारू नका, तो यायला अजून सतराशे वर्षं आहेत. मिरचीही नाही. तांदळाची पेज, हुलग्याचं कढण, तिखटाला मिरी. तुमच्या देशात जिच्यासाठी सोनं मोजतात ती मिरी इथली म्हातारी मुठीनं कढणात टाकते, हे बघून तुमचा जीव तुटतो.

अखेर तांडा निघतो. पोवळी, काच, तांबं, शिसं आणि दारू बैलांच्या पाठीवर लादली जाते. सार्थवाह, म्हणजे तांड्याचा म्होरक्या, एकच नियम सांगतो: सगळ्यात मंद बैल ज्या चालीनं चालेल ती सगळ्यांची चाल. तुमच्या ग्रुपमध्येही नवशिक्याला पुढे ठेवतात ना? तेच हे. फरक इतकाच, की इथे कुणी चिडून ओव्हरटेक करून धाब्यावर जाऊन बसत नाही, कारण पुढे धाबा नाही, वाघ आहे. आज कल्याणहून वैशाखऱ्याला दुचाकीवर दोन तास पुरतात. तुम्हाला चार-पाच दिवस लागतात. धूळ दातांत करकरते, घुंगरांचा नाद कानात इतका भिनतो की रात्री बैल बसले तरी तो वाजतच राहतो. तापाचा माणूस बैलावर बांधलेला, त्याच्या बैलाचं ओझं चौघांत वाटलेलं. पखालीतल्या घोटावरून तुमचं आणि शेजाऱ्याचं भांडण होतं. दोन मुक्काम अबोला.

मग नाणेघाट. खालून वर बघताना मान मोडते. दगड बसवून वाट केलेली आहे, पण बैलांच्या खुरांनी तो दगड गुळगुळीत झालाय. मधल्या वळणावर तुमचा बैल घसरतो, गोण एका अंगाला झुकते, तुम्ही खांदा लावता आणि दुसऱ्या बाजूनं खांदा लावतो तो अबोला धरलेला शेजारी. "हं, रेट!" एवढंच तो म्हणतो. अबोला सुटला. कढत उन्हात बैलाच्या घामानं माखून झालेली दोस्ती ही. हिची गंमत ज्यांनी पंक्चर झालेली गाडी मिळून ढकलली आहे त्यांनाच कळेल.

वर पोहोचता पोहोचता खडकात खोदलेली टाकी लागतात. ओंजळ घाला. दात ठणकतील इतकं गार पाणी. समुद्र सोडल्यापासून न मोजता प्यायलेलं हे पहिलं पाणी. शेजारच्या लेण्यात राजघराण्याचे पुतळे आहेत, डोक्यावर नावं कोरलेले. नीट बघून घ्या, तुमच्या काळात त्यांची जेमतेम पावलं उरली आहेत. भिंतीवर नागनिका राणीचा लेख: यज्ञात दिलेले हत्ती, घोडे आणि 10,001 गाई. तांड्यातली माणसं त्या गाईंना पाठ टेकून घोरत पडली आहेत. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात पडायची, असं लोक सांगत आले आहेत. तुम्ही खिसा चाचपा म्हणजे झालं.

पुढे घाटघरचं बोचरं वारं, मग कुकडीच्या कडेकडेनं उतार. जुन्नर आधी ऐकू येतं, मग दिसतं. टक्-टक्, टक्-टक्. मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री, सगळे डोंगर छिन्नीखाली. शिवनेरीवर किल्ला नाही, लेण्याद्रीवर गणपती नाही; तिथे भिक्खू राहतात. खाली बाजारात कासारांची ठोकाठोक, बुरुडांच्या ओल्या बांबूचा वास, धान्याच्या राशी. या सगळ्यांच्या श्रेणी, म्हणजे धंद्यांच्या मंडळ्या, आहेत; त्या लोकांच्या ठेवीसुद्धा सांभाळतात. धान्यवाल्यांनी तर सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दान केलंय. कल्याणच्या सोनारानंही इथे येऊन टाकं दिलंय. जो तो पाणीच का देतो, हे घाट चढून आलेल्या तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि इथे तुमची माणसंही भेटतात. चित नावाच्या यवनानं भिक्खूंच्या संघाला भोजनमंडप दिला, चंद नावाच्यानं लेण्याचा दर्शनी भाग. तुम्हाला हाताला धरून शिवनेरीच्या कड्याशी नेतो तो इरिल. तिथल्या लेखात एवढंच आहे की यवन इरिलानं दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. पाथरवटाशी त्यानं किती घासाघीस केली ते लेखात नाही. समजा, ती आता तुमच्यासमोर चालू आहे. इरिल म्हणतो, एक पुऱ्या भावात, दुसरी अर्ध्यात दे. पाथरवट छिन्नी खाली ठेवतो, कपाळावरची दगडाची भुकटी पुसतो आणि तुमच्याकडे वळतो.

"पाहुणं, आत्ताच घाट चढून आलात ना? मग सांगा की तुमच्या माणसाला, वरचं पाणी अर्ध्या भावात मिळालं का म्हणून!"