खानदेशचा रानपिंगळा

पिंगळा म्हटले की आपल्यापुढे दोन मूर्ती उभ्या राहतात. एक पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या जोशाची, आणि दुसरी तिन्हीसांजेला जुन्या वडाच्या ढोलीतून कलकलाट करीत बाहेर पडणाऱ्या ठिपकेदार पाखराची. आज मला बोलावयाचे आहे ते या पाखराच्या एका भावाविषयी. त्याचे नाव रानपिंगळा. ससाणा, गरुड, शिक्रा ही शिकारी पक्ष्यांतली नामांकित घराणी. घुबडांना त्या पंगतीत कोणी सहसा पाट मांडीत नाही. परंतु भरदिवसा, उन्हात बसून सरडा टिपणाऱ्या या घुबडाची योग्यता शिकाऱ्यांत मुळीच कमी नाही. शिवाय त्याचा इतिहास आपल्या खानदेशाशी असा बांधला गेला आहे की तो इथल्या श्रोत्यांना ठाऊक नसावा याचे नवल वाटते.

1872 साली ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात एक घुबड मारले. त्याचे कातडे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे गेले, आणि ही जात नवी आहे असे ओळखून 1873 साली त्यांनी तिला ब्लेविटचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे 1885 साली मुंबईस राष्ट्रसभा भरविणारे तेच गृहस्थ. राजकारणात पडण्यापूर्वी ते हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचे सर्वेसर्वा होते, ही गोष्ट आपण इतिहासाच्या पुस्तकांत सहसा वाचीत नाही.

त्यानंतर दशकभरात जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी खानदेशात होता. त्या वेळी पूर्व आणि पश्चिम असे दोन खानदेश झालेले नव्हते. ते 1906 साली झाले. डेव्हिडसनने शहादे-तळोद्याच्या रानात या पक्ष्याचे अनेक नमुने मिळवले. 1884 पर्यंत जगभराच्या संग्रहालयांत जमलेले नमुने सगळे मिळून सात, आणि त्यांतले बहुतेक आपल्याकडचे. मग रानपिंगळा नाहीसा झाला. पक्षी गेला की पाहणारे गेले, हे मात्र कोणी विचारले नाही.

पुढे एक विलक्षण प्रकार घडला. कर्नल रिचर्ड मायनरट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा निघाला. चिठ्ठीवर 1914 साल आणि तापीकाठचे मांडवी हे गुजरातेतील गाव. झाले, शोधणारे तिकडे वळले. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांच्याही हाती काही लागले नाही. लागणार कसे? तो पक्षी मांडवीचा नव्हताच. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी 1999 साली सिद्ध केले की कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच एक नमुना लांबविला, त्यातील भरण काढून पुन्हा भरला आणि खोटी चिठ्ठी बांधली. क्ष-किरणांची छायाचित्रे आणि अमेरिकेतील एफबीआयच्या प्रयोगशाळेत केलेली कापसाच्या तंतूंची तपासणी यांनी चोरी उघडी पडली. खानदेशातील माणसाला कापसाची पारख नवी नाही. पण कापसाच्या एका धाग्यावरून चोर पकडल्याचे हे उदाहरण आपल्या जिनिंगवाल्यांनीही ऐकले नसेल!

खोटी चिठ्ठी बाजूला काढताच वाट सोपी झाली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे प्रथम पूर्वेकडील जुन्या जागी गेले व रिकाम्या हाताने फिरले. मग ते डेव्हिडसनच्या शहाद्याकडे आले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! शहादा त्या दिवशी धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो पुढच्या वर्षीच्या 1 जुलैला.

नंतरच्या सर्वेक्षणांत तो मेळघाटात, मध्य प्रदेशात आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही आढळला. यावलचे अभयारण्य 1969 सालचे. पाल या थंड हवेच्या गावापर्यंत आपल्यापैकी पुष्कळजण सहलीला गेले असतील. परंतु वाटाड्या बरोबर नसेल तर साधा पिंगळा पाहून रानपिंगळा पाहिल्याचे समाधान घेऊन परत येण्याचा संभव फार. खूण अशी: साध्या पिंगळ्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते, रानपिंगळ्याचे जवळजवळ सपाट तपकिरी. छातीही तशीच गडद, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे, पाय दांडगे व पांढऱ्या पिसांनी झाकलेले. बसल्या जागी तो शेपटी झटकतो. माघ-फाल्गुनात सागाची पाने झडली की तो दिसण्यास सोपा.

वाटाड्याविषयी थोडे स्पष्ट बोलतो. हल्ली यंत्रावर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढण्याची चाल पडली आहे. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असे समजून बिचारा धावत येतो, आणि त्या वेळेपुरती शिकार व पिले दोन्ही सुटतात. छायाचित्र चांगले येते, हे खरे. पण पैसे देणारा आग्रह धरू लागला तरी नाही म्हणणारा वाटाड्या मला अधिक मोलाचा वाटतो, आणि तसे म्हणण्याचे बळ त्याला आपण पाहुण्यांनीच द्यावयाचे आहे.

रानाचा प्रश्न याहून अवघड. रानपिंगळ्याला निबिड अरण्य नको. पायथ्याचे विरळ सागवान, मधून मोकळी जमीन आणि ढोली असलेली जुनी झाडे त्याला हवीत. नेमकी अशीच जमीन माणसालाही हवी असते. तळोद्याच्या राखीव वनातील हजारो हेक्टर जमीन सरदार सरोवरात गाव बुडालेल्या कुटुंबांना द्यावी लागली. त्या भिल्ल-पावरा कुटुंबांनी पक्ष्याचे घर घेतले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे स्वतःचे घर आधी घेतले गेले होते. 2006 च्या वनाधिकार कायद्याने कसणाऱ्याला त्याचा हक्कही मान्य केला. आता राहिलेल्या रानात ढोलीचे झाड तोडावे की ठेवावे, हे पुष्कळसे त्याच वस्त्यांतील माणसांच्या हाती आहे, आणि पालच्या रानात पक्षी दाखविण्यास उत्तम माणूस मिळेल तोही तेथूनच.