स्वसंदर्भी विदासंरचना

संगणकाच्या स्मृतीतील ज्या विदाघटकात त्याच प्रकारच्या अन्य घटकाचा किंवा खुद्द स्वतःचा पत्ता साठविलेला असतो, अशा घटकांची रचना. साखळी-सूची, वृक्ष व आलेख ही तिची प्रमुख उदाहरणे होत. घटक नष्ट झाल्यावर अथवा हलविल्यावर त्याचा जुना पत्ता शिल्लक राहिल्यास संगणक भलतीच विदा वाचतो. हा दोष टाळण्याच्या प्रयत्नांतून आज्ञावली-भाषांच्या इतिहासातील काही महत्त्वाच्या कल्पना उदयास आल्या.

अमेरिकेत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ व हर्बर्ट सायमन यांनी १९५६ च्या सुमारास आयपीएल या भाषेत साखळी-सूची वापरली. जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्प भाषेसाठी निरुपयोगी घटक आपोआप गोळा करण्याची पद्धती मांडली. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी प्रत्येक घटकाकडे येणाऱ्या संदर्भांची गणना सुचविली. परंतु परस्परांकडे निर्देश करणाऱ्या घटकांच्या वर्तुळात ही गणना शून्यावर येत नाही व ती जागा अडकून राहते. सी भाषेने (१९७२) सर्व जबाबदारी आज्ञावलीकारावरच सोपविली. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७०% सुरक्षा-दोष स्मृतिविषयक असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले.

ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये आरंभिलेल्या व मे २०१५ मध्ये स्थिर स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या रस्ट भाषेत प्रत्येक मूल्याचा मालक एकच असतो आणि हा नियम भाषांतरक आधीच तपासतो. वृक्षात मूळ शाखेचे मालक ठरते, म्हणून तो या नियमात सहज बसतो. दुहेरी साखळीत मात्र प्रत्येक घटकाकडे दोन शेजारी निर्देश करीत असल्याने मालक कोण, हे ठरत नाही. शिवाय मूल्य हलविले, की त्यातील स्वतःचा पत्ता घर बदललेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यासारखा निरर्थक होतो.

यावर संदर्भगणनेला मालकी नसलेल्या दुर्बल संदर्भांची जोड देणे किंवा पत्त्याऐवजी सारणीतील क्रमांक वापरणे, हे उपाय रूढ आहेत. मध्येच थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या फलनांना स्वतःच्याच चलांचे संदर्भ जपावे लागतात; त्यासाठी मूल्य जागेवर खिळविणारी ‘पिन’ ही सोय फेब्रुवारी २०१९ मध्ये स्थिर झाली. रस्टच्या प्रमाणित संग्रहातील दुहेरी साखळी ‘असुरक्षित’ अशी खूण केलेल्या भागांच्या आधारेच रचलेली आहे. अशा भागांची शुद्धता भाषांतरक पूर्णतः पडताळू शकत नाही. तेथे आज्ञावलीकाराची जबाबदारी कायम राहते. मात्र ती मोजक्या व स्पष्ट निर्देशित भागांपुरती मर्यादित होते.